निळ्या टोकाचं खोटं

सुलभाताई दातारांकडे एक पेन्सिल असायची. एक टोक लाल, दुसरं निळं. इथे जपानमध्ये कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, शाळेतले शिक्षक वह्या तपासायला वापरतात. ताई ती दोन्ही बाजूंनी टोक काढून पर्समध्ये ठेवायच्या. नाटकाची तालीम सुरू झाली की आधी ती पेन्सिल बाहेर यायची, मग चष्मा, आणि मग आमच्याकडे लक्ष जायचं. संहितेतलं प्रत्येक खोटं वाक्य त्या अधोरेखित करायच्या. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून बोललेलं खोटं निळं. कुणाचं वाकडं व्हावं म्हणून बोललेलं खोटं लाल. खऱ्या वाक्यांच्या वाटेला त्या जायच्या नाहीत. "ती आपापली उभी राहतात," म्हणायच्या.

ताईंना जाऊन आता दीड वर्ष होईल. पेन्सिल माझ्याकडे आहे. निळी बाजू जेमतेम नखाएवढी उरलीय, लाल अजून बोटभर आहे. माणसं मुळात चांगली असतात, असा याचा अर्थ मी एकदा त्यांच्यासमोर लावून बघितला होता. त्यांनी मान हलवली. "याचा अर्थ एवढाच, की माणसं स्वतःला चांगली समजतात."

असं बोलायच्या. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दोन गोड शब्द पदरचे घालावेत, ही पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या संशोधनाच्या निमित्ताने त्या जपानला आल्या. वसंतराव इथल्या एका प्रयोगशाळेत होते आणि इंग्रजीवर भागवायचे. ताई पुण्यातच जपानी शिकलेल्या, त्यामुळे प्रयोगशाळेबाहेरचं सगळं जग त्या सांभाळायच्या. दोन वर्षांत वसंतराव गेले. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बाई आता परत जाईल. ताई राहिल्या. इस्पितळांमध्ये दुभाषी म्हणून काम करू लागल्या, टोकियोजवळ ग्योतोकुला दोन खोल्यांचं घर केलं आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. इस्पितळात त्या दातारु-सान, आमच्या मुलांच्या सुलभाआजी आणि आमच्या ताई.

दिसायला बुटक्या. सुती साडी, वर राखाडी स्वेटर, पायात पांढरे बूट. कचऱ्याच्या बाबतीत जपान्यांपेक्षा कडक. आम्ही त्यांच्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण. इथे झाकणं वेगळी टाकायची असतात, आणि माझ्या नवऱ्याने, समीरने, बाटली झाकणासकट टाकली होती. "हे तुमचं राहिलं," एवढंच म्हणाल्या, झाकण माझ्या हातावर ठेवलं आणि गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दिवसापासून आमच्या घरातून झाकणासकट बाटली गेलेली नाही.

दर वर्षी गणपतीत आम्ही मराठी मंडळी एक नाटक करतो. ते ताई लिहायच्या आणि त्याच बसवायच्या. तालमी रविवारी सकाळी नऊ ते बारा, कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात. पावणेबारा वाजले की वाक्य अर्धं राहिलं तरी तालीम बंद. मग फरशी पुसायची आणि भिंतीवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे खुर्च्या लावायच्या. खुर्च्या ताई स्वतः मोजायच्या.

नाटक नेहमी विनोदी. लोकांना वाटायचं, एवढी गंभीर बाई फार्स कशी लिहिते. मला उलट वाटतं. फार्स म्हणजे शेवटी काय, खोट्यावर खोटं. आणि खोट्याचा एवढा अभ्यास केलेली दुसरी बाई मी पाहिली नाही.

तालमीतली त्यांची पद्धत विचित्र होती. खोटं वाक्य आलं की नटाने थांबायचं. ताई विचारायच्या, "कोणासाठी?" हे खोटं कोणासाठी बोलतोयस ते सांगितल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणायचं नाही. शेवटच्या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं 'इकडे सगळं मजेत'. पुण्याचे एक वडील न सांगता मुलीकडे ग्योतोकुला येऊन थडकतात. जावयाची नोकरी गेलेली, तो कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, माल लावायचं काम करतो, आणि मुलीने फोनवर सांगितलेलं की तो मोठा मॅनेजर झाला. जावयाचं काम आमचा कौस्तुभ करायचा. दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून तो सासऱ्यांना म्हणतो, "हा आमच्या कंपनीचा अधिकाऱ्यांचा पोशाख आहे."

"कोणासाठी?" ताईंनी विचारलं.

"सासऱ्यांसाठी. त्यांना धक्का बसू नये म्हणून."

"नीट बघ."

कौस्तुभने डोकं खाजवलं. "बायकोसाठी. ती तोंडघशी पडू नये म्हणून."

"अजून नीट बघ."

कौस्तुभने अंगातल्या शर्टाचे पट्टे चाचपले. मग खाली बघत म्हणाला, "स्वतःच्या नाकासाठी." ताईंनी ते वाक्य अर्धं निळं, अर्धं लाल केलं आणि म्हणाल्या, "आता म्हण." त्याने म्हटलं. तेच वाक्य, पण या वेळी आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि हसताना थोडं वाईटही वाटलं. ती त्यांची करामत होती.

मी नाटकात आले ती मात्र ताईंवर वर्षभर राग धरून झाल्यावर. ते सांगायला हवं.

माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी निकाल सांगायला बोलावलं. आमचं जपानी ऑफिसात जेवणाचा डबा मागवण्यापुरतं, म्हणून ताईंना बरोबर घेतलं. बाहेर बाकावर समीरने हात जोडले. "ताई, काही वाईट निघालं तर आईला नुसती गाठ आहे म्हणा. पुढचं आम्ही पुण्याला गेल्यावर हळूहळू सांगू."

"डॉक्टर बोलतील ते जसंच्या तसं सांगेन," ताई म्हणाल्या. "मी भाषांतर करते, काटछाट नाही. नको असेल तर मला आत नेऊ नका."

न नेऊन करतो काय. आत गेलो. डॉक्टर तरुण होते, ते थेट आईंकडे बघून बोलू लागले. ताईंनी खुर्ची आईंच्या इतकी जवळ ओढली की गुडघ्याला गुडघा लागला, आणि हळू, स्वच्छ मराठीत सांगितलं. कॅन्सर आहे. पसरलेला आहे. औषधांनी वेळ मिळेल, बरा होणार नाही. एक शब्द गाळला नाही. समीरने भिंतीकडे तोंड केलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ताईंना विचारलं, "तुम्ही पुण्यात कुठल्या?"

"नारायण पेठ."

"तरीच," आई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांना विचारा, परत जाण्याइतकी ताकद आहे का माझ्यात."

होती. आई पुण्याला गेल्या आणि अकरा महिने जगल्या. त्या अकरा महिन्यांत काय काय करायचं ते सगळं त्यांनी स्वतः ठरवलं, कोणती साडी नेसवायची तेसुद्धा. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी ताईंशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये भेटल्या तर मी फोनमध्ये बघायची. मनात म्हणायची, बाईला काळीज नाही, नुसता शब्दकोश आहे.

आई गेल्यावर ताई भेटायला आल्या. समीर पुण्यात होता, मी एकटी होते. चहा केला, तो दोघींनी प्यायला नाही. मी एकदाचं विचारून टाकलं, "तुम्हाला कसं जमतं हो असं तोंडावर सांगायला?"

"एकदा जमलं नव्हतं," ताई म्हणाल्या, आणि मला ती गोष्ट सांगितली. मेधालाही त्यांनी ती सांगितली नव्हती. मेधा म्हणजे त्यांची पुतणी, दोन स्टेशनं पुढे राहते, नाटकात मुलीचं काम तीच करायची.

वसंतराव आजारी पडले तेव्हा इथली पद्धत वेगळी होती. असा आजार असला तर डॉक्टर रोग्याला सांगत नसत, घरच्यांना बाजूला घेऊन सांगत. वसंतरावांना तर जपानी येतच नव्हतं, त्यामुळे बाजूला घ्यायचीही गरज पडली नाही. त्यांच्या समोरच डॉक्टर ताईंना म्हणाले, पोटाचा कॅन्सर आहे, तीन-चार महिने, रोग्याला अल्सर सांगा. वसंतरावांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"आणि मी म्हटलं, अल्सर आहे. उन्हाळ्यापर्यंत बरा होशील," ताई म्हणाल्या. "माझं ते पहिलं भाषांतर."

त्याआधी वर्षभर वसंतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ अण्णा, म्हणजे मेधाचे वडील, यांच्यात बोलणं नव्हतं. आई वारली तेव्हा वसंतराव जाऊ शकले नाहीत. अण्णांनी पत्र लिहिलं, आईला खांदा द्यायला आला नाहीस, आता माझ्या दारातही येऊ नकोस. ते पत्र वसंतरावांनी खणात ठेवून दिलं. ताई म्हणायच्या, उत्तर लिही. ते म्हणायचे, उन्हाळ्यात जाऊ तेव्हा बघू. त्यांच्या हिशेबी उन्हाळा येणार होता. येणार नाही हे ताईंना माहीत होतं, आणि रोज सकाळी त्यांना बरं नेसून, बरं हसून इस्पितळात जायचं होतं.

"शेवटचे दोन दिवस तो काही बोललाच नाही," त्या म्हणाल्या. त्या दोन दिवसांबद्दल याहून जास्त त्या माझ्यापाशी कधी बोलल्या नाहीत.

अस्थी घेऊन ताई पुण्याला गेल्या. अण्णा विमानतळावर आले होते. त्यांनी कलश हातात घेतला आणि ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तो माझ्यावर रागावून गेला का?" ताई सांगत होत्या, माणसाचा चेहरा असा होऊ शकतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो भाऊजी. शेवटी तुमचंच नाव घेतलं."

झालं. पहिल्या खोट्याने भावाला पत्र लिहू दिलं नाही, म्हणून दुसरं खोटं बोलावं लागलं.

आणि ते एकदा बोलून संपलं नाही. दर वर्षी वसंतरावांच्या तिथीला अण्णांचा पुण्याहून फोन यायचा. एकदा तो तालमीतच आला. ताई खिडकीपाशी गेल्या, मी जवळच उभी होते, आणि अण्णांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलायचे. चार वाक्यं इकडची तिकडची झाली आणि मग अण्णा म्हणाले, "वहिनी, परत एकदा सांगा ना. वसंता शेवटी काय म्हणाला होता?"

ताईंनी सांगितलं. अण्णाला म्हणावं, मी रागावलो नाही. अण्णाला म्हणावं, जपून राहा.

"आणि ते नदीवरचं? मला पोहायला शिकवलं ते?"

"ते पण म्हणाला."

फोन ठेवून ताई जागेवर आल्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "नदीचं मला माहीतसुद्धा नव्हतं. ते त्यांनीच तीन-चार वर्षांपूर्वी विचारलं, मी हो म्हटलं. आता निम्मे संवाद त्यांचे आहेत." मग पेन्सिल उचलली आणि तालीम पुढे सुरू केली.  नऊ ते बारा खोटं पकडत बसणारी ही बाई वर्षातून एकदा स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायची आणि तिला "कोणासाठी?" विचारणारं कुणी नव्हतं.

त्या शेवटच्या वर्षी नाटकात मला कुचाळ शेजारणीचं काम होतं. नाटकातलं सगळं लाल खोटं माझ्या वाट्याला, आणि खरं सांगते, सगळे मोठे हशेही माझ्याच वाट्याला. दुसऱ्या अंकात मी वडिलांना एकटं गाठते आणि म्हणते, "तुमची मुलगी कालच म्हणत होती, बाबा आल्यापासून घर लहान पडतंय." वडील बॅग भरायला लागतात. गडबडीत ते जावयाचा शर्ट, तवा, शेवटी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा बॅगेत कोंबतात. तालमीत बघायला आलेले लोक खुर्चीतून खाली घसरायचे.

प्रयोगाला तीन आठवडे असताना ताई म्हणाल्या, "बॅगेचं सगळं काढून टाका. हे वाक्य ऐकल्यावर बाबा नुसते खाली बसतील."

मी उसळले. "ताई, नाटकातला सगळ्यात मोठा हशा आहे तो."

"म्हणूनच. तू त्यांच्या काळजाला डागणी दिलीस, आणि ते खोटं उघडं पडायला अजून अर्धा तास आहे. तेवढा वेळ एक म्हातारा माणूस समजतोय की मी मुलीला नकोसा झालोय. त्यावर लोकांना हसवायचं नाही."

"मग माझं खोटं फार वाईट, आणि मेधाचं खोटं चांगलं, असंच ना?" मला झोंबलं होतं, म्हणून मी लागट बोलले.

ताईंनी चष्मा काढला. "तुझं खोटं वाईटच. पण ते शेवटी पकडलं जातं, तुला चार शिव्या बसतात, सगळे मोकळे होतात. लाल खोट्याच्या मागावर सगळेच असतात. निळ्याच्या मागावर कोण जातं? ते कुणी पकडत नाही, त्यामुळे त्याची माफीही कुणी देत नाही. ते तसंच राहतं." चष्मा परत लावत म्हणाल्या, "तिसऱ्या अंकात सगळं उघडं होतं म्हणून याला विनोदी नाटक म्हणायचं. नाही झालं तर हसण्यासारखं त्यात काय आहे?"

हे सगळं त्या कशाबद्दल बोलतायत ते त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. मी मुकाट्याने हशा सोडला.

तिसरा अंक त्यांनी त्याआधीच चार वेळा लिहिला होता. पहिल्या खर्ड्यात वडिलांना शेवटपर्यंत काही कळत नाही, जावयाचं कौतुक करत ते आनंदाने पुण्याला परततात. आम्हा सगळ्यांना तो शेवट आवडला होता. मग मेधाने एका रविवारी बातमी आणली, "काकू, बाबांचा व्हिसा आला. गणपतीला इथेच असतील, नाटकाला येतील." पुढच्या रविवारी ताईंनी नवा तिसरा अंक आणला. आता मुलगी स्वतःहून वडिलांसमोर उभी राहून सगळं सांगते.

तालीम संपल्यावर मी खुर्च्या लावताना त्यांना गाठलं. "सांगणार आहात त्यांना?"

"मी बहात्तरची. ते सत्तरचे. परत कधी समोरासमोर येणार?"

"ताई, त्यांचं सगळं त्या एका वाक्यावर चाललंय. ते काढून घेतलंत आणि त्यांना सोसलं नाही तर?"

"तुझ्या सासूबाईंच्या वेळी समीर हेच म्हणाला होता," ताई म्हणाल्या. मग खुर्ची हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "पण भीती वाटते गं. फार वाटते." बहात्तर वर्षांच्या त्या कडक बाईच्या तोंडून हे ऐकून मला काय करावं सुचेना. मी त्यांच्या हातातली खुर्ची घेतली आणि जागेवर लावली.

प्रयोग रविवारी दुपारी दोनला होता. अण्णा पहिल्या रांगेत मेधाच्या मुलीशेजारी बसले. उंच, वाकलेले, पांढरा सदरा, कानात मशीन. आजोबा मराठीत काही सांगायचे, नात जपानीत उत्तर द्यायची, दोघांचं छान चाललं होतं. पडदा उघडल्यावर मी विंगेतून बघत होते. अण्णा प्रत्येक वाक्याला हसत होते, हळू बोललेल्या वाक्यांनाही. ताई समोरच्या विंगेत संहिता घेऊन उभ्या होत्या, पण त्यांचं लक्ष कागदावर नव्हतं. त्या फटीतून एका खुर्चीकडे बघत होत्या.

तिसऱ्या अंकात मेधा पुढे आली. "बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले, असं मी सगळ्यांना सांगते. तसं नाही ते. तुमचा पडलेला चेहरा मला बघवला नसता म्हणून बोलले. माझ्यासाठी बोलले."  अण्णांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले आणि ते मान खाली घालून बसले.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, मंडळी खुर्च्या आवरायला लागली. आत कपडे बदलायच्या खोलीत मी आणि ताईच होतो. अण्णा दार ढकलून आले. "वहिनी, काय लिहिलंय हो. वसंता असता तर नाचला असता."

मी उठले. ताई म्हणाल्या, "तू थांब." मग अण्णांना म्हणाल्या, "बसा भाऊजी. मला तुम्हाला एक सांगायचंय." अण्णा बसले. ताईंनी आपली खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि त्या इस्पितळातल्या आवाजात, हळू आणि स्वच्छ, बोलल्या.

"वसंताला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की तो जाणार आहे. त्याला वाटत होतं, उन्हाळा येईल. म्हणून त्याने तुमच्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. आणि शेवटी त्याने तुमचं नाव घेतलं नव्हतं. ते मी बनवून सांगितलं. नदीचं पण."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले.  मग त्यांचा हात सावकाश कानाकडे गेला.

"मशीनची बॅटरी गेली वाटतं, वहिनी," ते म्हणाले. "काही ऐकू येत नाहीये. इथे आवाज पण फार आहे."

खोलीत कसलाही आवाज नव्हता.

ताईंनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, "बरं." उठल्या, आणि खुर्च्या मोजायला बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे धावले. मला अण्णांचा भयंकर राग आला होता. तीस वर्षं गिळलेलं बाईने एकदाचं बाहेर काढलं, आणि या माणसाने दार लावून घेतलं. मी तसं म्हटलं.

"खोटं बोलले ते," ताई म्हणाल्या. "मला कळलं. पण कोणासाठी बोलले, ते बघ." आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मोजू लागल्या. दोनदा आकडा चुकला. त्यांचा आकडा चुकलेला मी तेवढाच पाहिला.

साडेचारला आम्ही स्टेशनकडे निघालो. मेधा आणि तिची मुलगी पुढे, मी कपड्यांची बोचकी घेऊन मागे, आणि मध्ये अण्णा आणि ताई.  ग्योतोकुला रेल्वे डोक्यावरून जाते. तिकिटाच्या फाटकाच्या अलीकडे, पुलाच्या खाली, अण्णा थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "परत एकदा सांगा. वसंता शेवटी काय म्हणाला होता?"

वरून गाडी जात होती. ताई ती जाईपर्यंत थांबल्यासुद्धा नाहीत. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "काही नाही म्हणाला, भाऊजी. झोपला होता."

बॅटरी गेलेल्या माणसाला ते गाडीच्या आवाजात ऐकू गेलं. अण्णांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"शांत होता ना?"

ताईंनी थोडा वेळ घेतला.

"हो," म्हणाल्या.

सत्तर वर्षांचे अण्णा, भर स्टेशनात, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमध्ये वाकले आणि वहिनीच्या पांढऱ्या बुटांना हात लावला. ताईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "येतो," अण्णा म्हणाले. मेधाला वाटलं, निरोपाचा नमस्कार आहे. तिने त्यांना हाताला धरून फाटकातून आत नेलं. ते वळून बघत होते, ताई हात हलवत होत्या. जिन्यावर ते दिसेनासे झाल्यावर ताईंनी हात खाली घेतला.

पुढच्या तिथीला फोन आला असता की नाही, मला माहीत नाही. ती तिथी येण्याआधीच ताई गेल्या. त्या प्रयोगानंतरही आम्ही कितीदा तरी भेटलो, पण ताई म्हटलं की मला डोळ्यांसमोर दिसतात त्या तिथल्या, पुलाखालच्या.

कारण अण्णा दिसेनासे झाल्यावर मला राहवलं नाही, मी विचारलंच, "ताई, खरंच शांत होते ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तालमीत पाहायच्या तसं.

"कोणासाठी विचारतेस?"

मी हातातली बोचकी सावरली. सभागृहाची किल्ली पाचच्या आत परत द्यायची होती. ताई वळल्या आणि भराभर चालत कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी गेल्या. माणसांचा सिग्नल लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. तरी तो हिरवा होईपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून, आणि पदराने डोळे पुसत होत्या.